कचऱ्यात सापडलेली नवरी

सेला महिना, १८. सोमवार वागे

रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टर म्हणाले, "मनात साठवू नका, रोज दोन ओळी लिहीत जा." इस्तीकोमाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, हे सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही मनात साठवलेलं मी अजून काही पाहिलं नाही. सगळं तोंडावाटे बाहेरच येतं." तरीही लिहितो.

तारखेपुढे 'वागे' लिहिलंय त्याचा खुलासा आधीच करतो. आमच्या जावातले लोक नेहमीच्या सात वारांच्या जोडीला बाजाराचे पाच वार धरतात, आणि त्या दोहोंच्या बेरजेवर लग्न, घर, विहीर, काय वाटेल ते ठरवतात. माझा त्यावर काडीचा विश्वास नाही. मी इथला पंघुलू आहे. निकाह लावणं, तो नोंदवणं आणि लोकांच्या डोक्यातली जळमटं काढणं हे माझं सरकारी काम. कॅलेंडरवर छापलेलं असतं म्हणून 'वागे' लिहिलं, एवढंच.

आज लासिमान बदकवाला मुलीला घेऊन कार्यालयात आला. मुलगी विनार, बाजारात मोबाइल दुरुस्त करते. माझा फोन तिनं दोनदा मेलेल्यातून उठवलाय. तिचं हार्यादीशी जमलंय. हा पोरगा लग्नकार्यात लाउडस्पीकर लावतो. त्याच्या स्पीकरनं लोकांची कौलं खाली येतात, पण तो स्वतः बोलायला लागला की आपला कान त्याच्या तोंडापाशी न्यावा लागतो. त्याला बाताम बेटावर जहाजांच्या कारखान्यात नोकरी लागलीय आणि बेसारनंतरच्या सुरो महिन्यात, म्हणजे नवं वर्ष लागलं की निघायचंय. सुरोत आमच्याकडे कुणी लग्न करत नाही, म्हणजे जे काय व्हायचं ते त्याआधी. विनारला त्याची बायको म्हणून सोबत जायचंय. सरळ काम.

मी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "वली कोण?" वली म्हणजे मुलीला निकाहात देणारा पालक. बाप समोर बसलेला असतो, तरी रीत म्हणून विचारायचं.

"पार्मिन," लासिमान म्हणाला.

"कोण पार्मिन?"

"आमच्या शेजारचा. बकऱ्यांचा व्यापारी. तो हिचा बाप आहे."

पेन तिथंच थांबलं. या खुर्चीत बसून मी पुष्कळ ऐकलंय, पण हे कुणी आपणहून सांगायला येत नाही. विनारनं कपाळावर हात मारला.

"बाबा, नीट सांगा ना! साहेबांना आईबद्दल काय वाटेल!"

मग नीट सांगितलं. विनार आईबापाची पहिली, हार्यादी त्याच्या घरचा तिसरा. पहिलीनं तिसऱ्याशी लग्न केलं की दोघांच्या आईबापांपैकी एक जण वर्षाच्या आत जातो, असं इथलं शेंबडं पोरही सांगेल. त्यावर तोडगाही तयार असतो. मुलगी टाकून द्यायची, दुसऱ्यानं उचलायची, की ती त्याची झाली आणि तिचा नंबर बदलला. तर गेल्या आठवड्यात यांनी सव्वीस वर्षांची विनार नव्या कापडात गुंडाळून घरामागच्या उकिरड्यावर बसवली. बापानं तिच्या अंगावर केराचा झाडू फिरवला. पार्मिन बकरी घेऊन तिथून 'सहज' चालला होता. तो ओरडला, "अरे, ही कुणाची पोर टाकलीय?" आणि हाताला धरून घरी घेऊन गेला. पार्मिनला तीन मुलगे आहेत. म्हणजे विनार आता चौथी.

"आणि मधेच हिचा फोन वाजला," लासिमान तक्रारीच्या सुरात म्हणाला. "उकिरड्यावर बसून गिऱ्हाइकाला बॅटरीचा भाव सांगत होती."

"गिऱ्हाईक सोडू का मग?" विनार म्हणाली.

मी कागद मिटला आणि सांगितलं की परवा पार्मिनला घेऊन या.

सेला, २०. बुधवार लेगी

आले. पार्मिन नवाकोरा बाटिकचा शर्ट घालून, केसांना तेल लावून आला होता. बसायच्या आधी विनारला म्हणाला, "बाळ, तू पंख्याखाली बस." बाळ डोळे मोठे करून त्याच्याकडे बघत राहिलं.

मी शांतपणे समजावलं. धर्मात दत्तक मुलाचाही बाप बदलत नाही, मग उकिरड्यावरून उचललेलीची काय कथा. वली रक्ताचा. बाप जिवंत असताना पार्मिननं निकाह लावला तर तो निकाहच नाही, आणि ही दोघं बातामला जे करतील त्याचं पाप माझ्या माथी. तेव्हा लासिमान, तूच बसायचंस, आणि हार्यादीचा हात हातात घेऊन म्हणायचं, 'मी माझी मुलगी तुला देतो.'

"तेवढं सोडून काहीही सांगा, साहेब," लासिमान म्हणाला. "चारचौघांत 'माझी मुलगी' म्हटलं, की टाकली आणि उचलली ते सगळं पाण्यात. आमचे म्बाह म्हणालेत, जो कुणी तो शब्द उच्चारेल, बला त्याच्या घरात शिरणार."

म्बाह म्हणजे त्यांच्या गावातले शुभ-अशुभ दिवस मोजणारे आजोबा. त्यांना स्वतःचं वय मोजता येत नाही.

"आणि पार्मिनच्या घरात शिरली तर चालेल?"

"माझी काही हरकत नाही," पार्मिन छाती काढून म्हणाला. "मला मुलगी हवीच होती."

"तो विधुर आहे," लासिमान म्हणाला.

विधुर असण्याचा इथं काय संबंध, देव जाणे. मी त्याला अर्धा तास सुनावलं. मरणाला एवढा भिणारा बाप मी पाहिला नाही, असंही म्हणालो. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं, मधेच घड्याळ पाहिलं आणि उठला. बायकोच्या गोळ्यांची वेळ झाली म्हणे. सार्मीबाई, म्हणजे त्याची बायको, बाहेर झाडाखाली बसल्या होत्या. आमच्या कार्यालयाला सात पायऱ्या आहेत, त्या तिनं चढू नयेत असा याचा हुकूम. पालथ्या घड्यावर पाणी. विनारला सांगितलं, बाप नाकारतोय म्हणून धर्माच्या कोर्टात अर्ज कर.

बेसार महिना, ३. मंगळवार वागे

अर्ज गेला. जेवताना इस्तीकोमाला सगळं सांगितलं. ती उकिरड्यावरच्या फोनला इतकी हसली की तिला ठसका लागला.

मग म्हणाली, "पण अहो, तुम्ही तिसरे आणि मी पहिली. आपलंही तसंच."

"मग? आपलं काय वाईट झालं?"

"मामंजी त्याच वर्षी गेले."

मी सांगितलं की वडिलांना मधुमेह होता आणि ते काडीला लावून भाजलेलं बकऱ्याचं मटण शेवटपर्यंत सोडत नव्हते. डॉक्टरनं लेखी दिलं होतं. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे. इस्तीकोमा म्हणाली, "मी कुठं काय म्हणतेय. पण तो कागद तुम्ही इतकी वर्षं जपून का ठेवलात?" सरकारी माणसानं कागद जपायचेच असतात.

बेसार, १०. मंगळवार लेगी. बकरी ईद

मशिदीत पार्मिन भेटला. कुर्बानीच्या बकऱ्या विकून दमला होता, पण चेहऱ्यावर तेज. मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, मुलीला सासरी पाठवताना बापानं रडायचं असतं ना? माझ्या डोळ्यांना पाणी येत नाही, काय करू?" मी म्हणालो, कांदा जवळ ठेव. त्यानं ते खरंच मनावर घेतलंय असं वाटतं.

बेसार, १६. सोमवार पाहिंग

कोर्टात निकाल लागला. न्यायाधीश बाई चष्म्यावरून बघणाऱ्यांतल्या आहेत. त्यांनी लासिमानला विचारलं, मुलगा दारू पितो का, जुगार खेळतो का, नमाज चुकवतो का.

"नाही. पोरगा सोनं आहे," लासिमान म्हणाला.

"मग हरकत काय?"

"तो तिसरा आहे."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग वाचून दाखवलं. बापाच्या हरकतीला धर्मात आधार नाही. सबब बापाच्या जागी सरकार वली होईल, आणि सरकारच्या वतीनं त्या भागाचा पंघुलू. म्हणजे मी. इतके दिवस ज्याच्यासाठी घसा कोरडा केला ते मिळालं. मी मान डोलावली.

लासिमान उभा राहिला. "बाईसाहेब, एक विचारू? जो शब्द उच्चारतो, बला त्याच्यावरच येते का त्याच्या बायकोवर पण?"

"बला या कोर्टाच्या कक्षेत येत नाही," बाई म्हणाल्या.

तेव्हा तो माझ्याकडे वळला. "साहेब, तुमच्या घरी बाई आहेत ना? तब्येत बरी असते त्यांची?"

भर कोर्टात धमकी! मी म्हणालो, ठणठणीत आहे, आणि पोलीस चौकी माझ्या घराला लागून आहे. तो हात जोडून निघून गेला. परतताना सबंध वाटेत वडिलांची आठवण येत होती. कारण काहीच नाही, हवा दमट होती.

बेसार, १९. गुरुवार क्लिवोन

लासिमान घरी आला होता, मी नसताना. खारवलेली बदकाची अंडी ठेवून गेला, टोपलीभर. मी म्हणालो ही लाच आहे, परत कर. इस्तीकोमा म्हणाली, "लाच तुम्हाला देतात. ही माझ्यासाठी आहेत. ताकद येते म्हणाला, रोज दोन खा म्हणाला. रात्री गार वाऱ्यात बसू नका, असंही सांगून गेला. माझ्या भावानं कधी एवढं विचारलं नाही." दोन अंडी लगेच फोडून खाल्ली तिनं.

निकाह पंचवीस तारखेला ठरला. दुपारी इस्तीकोमाचा डोळा लागला तेव्हा सहज तिची नाडी पाहिली. ठीक होती. स्वतःची पाहिली, ती जरा धावत होती.

बेसार, २२. रविवार पोन

सुट्टी असून विनार आली. माझ्या फोनचा आवाज बसलाय म्हणून मीच निरोप धाडला होता. फोन उघडून बसली आणि खाली मान घालून बोलायला लागली.

"साहेब, मी खटला जिंकले, पण घरात कुणी मेल्यासारखं वाटतंय. बाबा त्या दिवशी बदकं घेऊन नदीकडे जाणार म्हणतात. माझ्या लग्नाच्या दिवशी! मी उकिरड्यावर बसले ते त्यांच्यासाठीच ना? मला काय हौस होती? म्हटलं, त्यांचं समाधान होऊ दे, मग ते माझा हात देतील. तर देतायत तुम्ही. राग मानू नका, पण तुम्ही माझे कोण?"

मी म्हणालो, मी सरकार आहे.

ती हसली, मग रडली. ती स्क्रूड्रायव्हरच्या हातानं डोळे पुसायला गेली, तेव्हा मी हातरुमाल दिला. मला वाईट वाटलं, ते इथं लिहून ठेवतो. लासिमानसारखा भित्रा बाप कुणाला मिळू नये.

विनार गेल्यावर इस्तीकोमा तीनदा शिंकली. मी म्हटलं, चल डॉक्टरकडे. ती म्हणाली, "शिंकेसाठी?" मी तिला रक्त तपासायला नेलं. साखर ठीक आहे, वजन वाढलंय. त्याला अंडी कारण.

बेसार, २४. मंगळवार क्लिवोन

इस्तीकोमाला ताप आला. डॉक्टर म्हणतो साधा आहे, हवा बदललीय म्हणून. मी त्याला म्हणालो, माझ्या वडिलांच्या वेळीही साधंच म्हणाले होते. तो म्हणाला, तुमच्या वडिलांना मधुमेह होता ना? मी म्हणालो, हो, लेखी आहे.

शेजारच्या विभागातला पंघुलू माझा जुना मित्र. त्याला फोन केला की उद्या एक निकाह लावतोस का, मला जरा काम आहे. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "उद्या माझ्या बायकोच्या माहेरी कार्य आहे." शिकलेसवरलेले लोकसुद्धा असे निघतात. मला त्याची कीव आली.

बेसार, २५. बुधवार लेगी

लिहितो, सगळं लिहितो.

सकाळी निघताना इस्तीकोमा अंथरुणात होती. म्हणाली, "जा, पोरीचं लग्न आहे. मी काही मरत नाही." हे असलं बोलायची काही गरज नव्हती.

मांडव हार्यादीच्या स्पीकरांच्या भिंतीपुढे घातला होता. स्वतःच्या लग्नात तरी हे नको, असं सासू म्हणाली होती म्हणे. पण स्पीकर हीच त्या पोराची इस्टेट. पार्मिन पहिल्या रांगेत होता, खिशात कांद्याचा फुगवटा. आणि नदीकडे गेलेला लासिमान कुठं? मांडवाच्या कडेला, हातात बदकं हाकायची काठी, मागे सगळी बदकं. नदी तिकडे नाही, हे बदकांनाही माहीत होतं.

मी बसलो. हार्यादी समोर. माइक मधे. त्याचा हात हातात घेतला, तो थंडगार, माझा त्याहून. खुत्बा, म्हणजे निकाहाआधीचं प्रवचन, म्हटला. आता म्हणायचं, 'मी, वली या नात्याने, विनारला...' आणि घशातून शब्द निघेना. पाणी प्यालो. परत हात धरला. परत तेच. लोक खोकायला लागले. एवढी वर्षं वाक्य तोंडपाठ, झोपेतही म्हणेन. डोळ्यांपुढे सारखं घरातलं अंथरूण.

तेवढ्यात लासिमान काठीसकट आत आला आणि माझ्या कानाशी वाकून विचारलं, "साहेब, बाईंना काय झालंय? बाजारात कळलं."

"ताप."

त्याचा चेहरा उतरला. तो तिथंच खाली बसला. सार्मीबाई बायकांच्या रांगेतून उठून आल्या आणि त्याला हळू आवाजात दटावायला लागल्या. दोघांनाही वाटलं की आपण कुजबुजतोय. पण माइक चालू होता आणि स्पीकर हार्यादीचे. अख्ख्या गावानं ऐकलं, पलीकडच्या काठानंही ऐकलं असेल.

"तमाशा करू नका. स्वतः बसत नाही, निदान त्यांना तरी लावू द्या निकाह."

"यांच्या बाईला ताप आलाय, सार्मी. माझ्यामुळे. आपल्या घरची बला मी त्यांच्या घरात ढकलली."

"पण बला तर तुमच्यावर येणार होती ना? जिवाला भ्यालात म्हणून तर एवढं रामायण."

स्पीकरमधून लासिमानचा आवाज आला, भिंती हलवणारा: "माझं काय घेऊन बसलीस. तुझं काळीज दुबळं आहे. डॉक्टर म्हणाला नाही का? घरातलं एक न्यायचं, तर ती दुबळंच नेणार. म्हणून तर पार्मिनला धरलं. त्याची बायको आधीच गेलीय."

पहिल्या रांगेत पार्मिनला आता कांद्याची गरज राहिली नाही.

सार्मीबाई त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मग एवढं मोठ्यानं बोलल्या की माइक नसता तरी चाललं असतं.

"आणि मला कुणी विचारलं? काळीज माझं, मुलगी माझी. उकिरड्यावर तुम्ही बसवलीत, कोर्टात तुम्ही गेलात, पायऱ्या चढायच्या नाहीत हेही तुम्हीच ठरवलंत. मरायचं का नाही हे तरी मला ठरवू द्याल? मी मेले तर पोरीला बापानं दिलेली बघून मरेन. परक्यानं दिलेली बघून शंभर वर्षं जगून काय करू? उठा. ती काठी इकडे द्या."

काठी त्यांनी घेतली. मी जागा सोडली. पटकन सोडली, हेही लिहितो. लासिमान बसला, बदकांच्या चिखलाच्या हातानं त्यानं हार्यादीचा हात धरला आणि म्हणाला, "माझी मुलगी." एवढंच म्हणून थांबला. बायकोकडे बघितलं. तिनं काठी जमिनीवर आपटली. मग त्यानं सबंध वाक्य म्हटलं, न अडखळता, विनारच्या पूर्ण नावासकट. हार्यादीनं 'कबूल' म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज स्वतःच्याच स्पीकरमधून बाहेर आला, आणि बदकं दाही दिशांना पळाली.

विनार आधी बापाच्या गुडघ्यांवर डोकं टेकवून पोटभर रडली, मग उठून पार्मिनपुढे बसली. पार्मिन म्हणाला, "आता मी कोण?" ती म्हणाली, "उचललंत ना? मग आता टाकायचं नाही." अर्धं गाव बदकं गोळा करण्यात गुंतलं, त्यामुळे जेवणाला उशीर झाला.

माझ्या सेला महिन्यातल्या उपदेशाचा परिणाम व्हायला वेळ लागला, पण झाला.

घरी आलो तर इस्तीकोमा ओट्यापाशी उभी. ताप उतरला होता. मी तिचं मनगट धरलं. ती म्हणाली, "आता सोडा, आठवडा होत आला नाडी बघताय. तुम्हाला वाटतं मला कळत नाही?"

सुरो महिना, ६. शनिवार लेगी

विनार आणि हार्यादी बातामला गेले. कागदावर सह्या घ्यायच्या निमित्तानं मी लासिमानकडे गेलो होतो. सार्मीबाई ओसरीत पाय पसरून बसल्या होत्या. लासिमान आतून चहा घेऊन आला, बशीत अंडं सोलून.

मी म्हणालो, "बघ, झालं का काही?"

"वर्ष अजून सरायचंय," तो म्हणाला आणि बायकोच्या पाठीशी उशी लावली.

"सरू दे सावकाश," तो आत गेल्यावर सार्मीबाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांत आयता चहा मिळाला नव्हता. वर्षाअखेर मी काही मरत नाही, पण हे यांना सांगू नका."

घरी येऊन हे इस्तीकोमाला हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "नशीबवान आहे बाई."

सुरो, ७. रविवार पाहिंग

सकाळी चहा मी केला. साखर जास्त पडली. इस्तीकोमानं तोंड वाकडं न करता सगळा संपवला.

म्हणाली, "वर्षभर मिळेल ना?"

मी म्हणालो, "वर्षभर कशाला? निकाह लासिमाननं लावला. आपल्या घराला आता काही धोका नाही."

"म्हणजे धोका असला तरच चहा करणार होतात?"

मी कप उचलले आणि विसळायला घेतले. उद्यापासून साखर मोजून घालीन.